पालथं घातलेलं पॅनल

व्हर्ना टकवेल ही आमच्या नदीकाठच्या तळावरची सगळ्यात भित्री बाई होती, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. जुलैच्या शेवटी ती आणि तिचा नवरा आल्बी गाडीमागे जुनी, पिवळी पट्टीवाली कॅरव्हान ओढत आले आणि कूलिबाच्या झाडाखाली थांबले. झाडाखाली कॅरव्हान लावली की टपावरची सोलर पॅनलं बिनकामाची होतात, हे नवख्यालाही कळतं. हे दोघं तर आठ वर्षं रस्त्यावर होते. पण आल्बीला ऊन सोसत नाही म्हणाली. मग तिने घडीचं पॅनल काढलं, वीस पावलांची वायर सोडून ते उघड्यावर मांडलं, आणि तिथून तिची ड्यूटी सुरू झाली.

पॅनल फिरवणं आम्ही सगळेच करतो. आमच्या दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून सकाळी ईशान्येला, दुपारी उत्तरेला, कलत्या उन्हात वायव्येला. चहा घेता घेता, शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता होणारं काम ते. व्हर्ना मात्र दर पंधरा मिनिटांनी जायची, दोन बोटं सरकवायची, परत आत जाऊन बॅटरीचा आकडा बघायची. एखादा ढग आला की तिचा चेहरा पडायचा. एकदा काकाकुव्याने काचेवर घाण केली, तर ही बाई कपडे वाळत घालायचं सोडून ओल्या हाताने धावत गेली.

"व्हर्ना, त्या पॅनलशी लग्न लाव आता," मर्व म्हणायचा. मर्व माझ्या पलीकडच्या गाडीतला, निवृत्त लाइनमन. दुसऱ्याच्या बॅटरीत नाक खुपसणं हा त्याचा छंद. "बीअर कोमट होईल म्हणून एवढा जीव टाकतेस होय ग?"

"होय, बीअरसाठीच," ती म्हणायची, आणि हसायचीसुद्धा. पण नजर पॅनलवर.

आल्बीला आम्ही आळशी ठरवून मोकळे झालो होतो. संध्याकाळी पाचला आम्ही आपापल्या खुर्च्या घेऊन गोल करून बसतो, तेव्हा तो यायचा. उंच, वाळलेला, मेंढ्यांची लोकर कापण्यात आयुष्य गेलेला. दिवसाला दोनशे मेंढ्या करायचो असं सांगायचा. वीस मिनिटं झाली की वाक्य अर्धवट सोडून उठायचा आणि आत जाऊन दार लावून घ्यायचा. दिवसभर झोपलेलाच. मी मनात म्हणायचे, बायको उन्हात मरतेय आणि हा लोळतोय. माझं तोंड फटकळ आहे, एकदोनदा मोठ्यानेही म्हटलं असेन.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक गेली. नवी मागवली, ती कॉलरेनच्या दुकानात आली. कॉलरेन म्हणजे नव्वद किलोमीटर, त्यात साठ कच्चा, खडबडीत रस्ता. गुरुवारी सकाळी व्हर्ना माझ्या दाराशी आली. हातात गाडीची किल्ली होती आणि ती किल्ली ती सारखी चाचपत होती.

"ग्लेनिस, मी चारपर्यंत येते. आल्बी झोपलाय. पॅनल तेवढं बाराला, दोनला आणि साडेतीनला फिरवशील?"

"फिरवीन की."

"विसरणार नाहीस ना?"

"अगं बाई, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी. एक पोर कधी मागे राहिलं नाही. जा तू."

ती गेली. फाटकापाशी थांबून तिने मागे पाहिलं, मग गाडीच्या धुळीत दिसेनाशी झाली. त्या वेळी ती मला एक वाक्य बोलली असती तर! पण आल्बीने तिला शपथ घातली होती. हे सगळं नंतर कळलं.

बाराला मी पॅनल फिरवलं. एकच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला. आमच्याकडे ऑगस्टचा वारा म्हणजे काही विचारू नका. लाल धूळ, उडणाऱ्या चादरी, कोणाचं तरी छत फडफडतंय. व्हर्नाचं पॅनल दोनदा पायावरून उचललं गेलं. तेव्हा मी जे केलं ते या तळावरच्या कोणीही केलं असतं. शेजारी गावाला गेला असेल आणि वारा सुटला, तर त्याचं पॅनल पालथं घालायचं, वर पाण्याचा कॅन ठेवायचा. काच फुटली तर बिचाऱ्याचं केवढ्याचं नुकसान! मर्वचं मी घातलंय, माझं मर्वने घातलंय, कोणी कोणाला विचारत नाही. आल्यावर माणूस थँक्यू म्हणतो. मी पॅनल पालथं घातलं, वर वीस लिटरचा कॅन ठेवला, मर्वचंही घातलं, आणि शेजारधर्म पाळल्याच्या समाधानात आत जाऊन सँडविच खाल्लं. मर्व मासे धरायला गेला होता, नदीच्या वरच्या अंगाला.

दोन वाजले तेव्हा आठवण झाली. पण पालथं पॅनल फिरवायचं कुठे? वारा थांबला की उभं करू म्हटलं. फार तर तिचं फ्रीजमधलं दूध नासेल, आपल्यातलं देऊ.

तीन वाजून गेल्यावर टी टी टी असा आवाज यायला लागला. कोणाच्या तरी बॅटरीचा असेल. असे आवाज इथे कायम चालू असतात. मी कोडं सोडवत होते. आवाज थांबेना. बाहेर येऊन कान दिला तर तो व्हर्नाच्या कॅरव्हानमधून. आता आमच्याकडे दुपारचं बंद दार ठोठावत नाहीत. माणूस झोपलेला असतो, कपड्यांत नसतो, नवराबायको असतात. मी पायरीपाशी उभी राहिले. पाच मिनिटं? जास्तच असतील. त्या मिनिटांचा हिशोब मला अजून लागत नाही.

मग आवाज आपोआप बंद झाला. आणि तो बंद झाल्यावर मला आतून दुसरा आवाज ऐकू आला. ओली करवत लाकडात अडकून पुढे मागे व्हावी तसा.

मी दार उघडलं.

आल्बी पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. नाकात पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक जमिनीवरच्या, जेवणाच्या डब्याएवढ्या ऑक्सिजनच्या यंत्रात, आणि त्याचे दिवे विझलेले. ओठ करडे पडले होते. डोळे माझ्याकडे वळले आणि मला एकदम सगळं कळलं. झाड, सावली, पंधरा मिनिटं, काकाकुवा, सगळं. खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं.

"आल्बी! सिलिंडर? दुसरं काही आहे का?"

त्याने मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. एक बोट उचलून फ्रीज दाखवला. मला वाटलं पाणी मागतोय. मी पाणी काढलं, त्याने हात झटकला, पुन्हा फ्रीज, मग बोट खाली. बंद कर. मी फ्रीज बंद केला. भिंतीवरचा बॅटरीचा आकडा दहा पूर्णांक आठ. बारा म्हणजे बरं, अकरा म्हणजे वाईट, एवढं मला माहीत आहे. दहा मी कधी पाहिलाच नव्हता.

बाहेर धावले. कॅन ढकलला, पॅनल उभं केलं. धुळीमागे सूर्य तांबडा गोळा होऊन बसला होता, त्यातून काय डोंबल वीज येणार. मी पॅनल धरून उभी, वारा ते माझ्या हातातून ओढतोय, आणि मी "मर्व! मर्व!" म्हणून ओरडतेय. मर्व दोन किलोमीटर लांब. फोनला इथे रेंज नाही, त्यासाठी तर आम्ही इथे येतो.

मग माझा ट्रक आठवला. माझ्या ट्रकच्या मागे तोच करडा जाड प्लग आहे, कॅरव्हान ओढणाऱ्या सगळ्यांकडे असतो. तिच्या कॅरव्हानच्या पुढच्या दांड्याला त्याची जोडी असणारच. इंजिन चालू ठेवलं की तिच्या बॅटरीला वीज जाते. मी ट्रक सुरू केला. सव्वीस वर्षं मी बस रिव्हर्स घेतली, पोरांनी भरलेली, पावसात, चिखलात. आणि त्या दिवशी मला दहा मीटर मागे जाता येईना. पहिल्यांदा झाडावर गेले. दुसऱ्यांदा तिच्या गॅसच्या बाटल्यांना धडक दिली. उतरून वायर ओढली तर हातभर कमी. पुन्हा आत, पुन्हा मागे. देवाचं नाव मी घेत नाही, त्या दिवशी घेतलं. प्लग बसला.

आत गेले तर आल्बी आडवा होत होता. मी त्याला काखेतून धरून बसता ठेवला. माणूस किती हलका होता! आकडा अकरा. अकरा दोन. यंत्राचं बटण दाबलं, ते एकदा टी केलं आणि मेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा मेलं. अकरा सात. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत होते, आणि दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जात होता की प्रत्येक वेळी मला वाटे, झालं, हा शेवटचा. बारा एक. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा यंत्र घुरघुरलं आणि चालू राहिलं. तरी लगेच काही झालं नाही. चार मिनिटं, पाच मिनिटं. मी मोठ्याने सांगत होते, "घे, आल्बी, घे, आत घे," जणू काय बाळंतपण करतेय. मग ओठांचा रंग हळूच बदलला. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. त्याने माझ्या हातावर थोपटलं. त्याने, मला!

बऱ्याच वेळाने त्याचा आवाज फुटला.

"व्हर्नाला... सांगू नकोस."

"वेडा आहेस का?"

"कळलं तर... ती मला शहरात नेईल. फ्लॅटमध्ये. भिंतीतल्या प्लगपाशी." श्वास घेतला. "मला नदी पाहिजे, ग्लेनिस. तुम्ही आळशी म्हणालात तरी चालेल. नळीवाला म्हणून नको."

मी त्याच्या नाकातली नळी सरळ केली. मला लाज वाटत होती आणि भीती उतरत नव्हती.

चारला व्हर्ना आली नाही. सव्वाचार, साडेचार. पाचला दहा कमी असताना धूळ दिसली. तिने लांबूनच माझा ट्रक तिच्या कॅरव्हानला टेकलेला पाहिला आणि गाडी चालू ठेवूनच उतरली, दार सताड उघडं. धावत आत गेली. त्याला पाहिलं, आकडा पाहिला, त्याची नखं पाहिली. बाहेर आली. पॅनलपाशी गेली. काचेवर मातीत दाबून बसलेल्या गवताच्या काड्या होत्या. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"मी पालथं घातलं," मी म्हणाले. "वाऱ्यात. एक वाजता. मला वाटलं काच फुटेल. व्हर्ना, तो जातच होता. माझ्यामुळे."

मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती तिथेच मातीत बसली.

"मी बेकरीत बसले होते," ती म्हणाली.

"काय?"

"बॅटरी दोनलाच मिळाली. मग बेकरीत गेले. एक खिम्याचं पॅटिस घेतलं, कॉफी घेतली. खिडकीपाशी बसले. रस्त्यावरून माणसं जात होती. मी एक तास बसले, ग्लेनिस. दोन वर्षांत पहिल्यांदा घड्याळ बघितलं नाही. म्हटलं, तिकडे ग्लेनिस आहे." तिचा आवाज फाटला. "मला इतकं बरं वाटत होतं."

मर्व मासे घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. त्याने मासे ठेवले, दिवा घेतला आणि नवी बॅटरी जोडायला आत गेला.

ते शहरात गेले नाहीत. आल्बीने हट्ट सोडला नाही, पण आता सगळ्या तळाला ठाऊक होतं. पाचच्या गोलात तो यंत्र खांद्याला लावून यायचा, पूर्ण तासभर बसायचा, दोनशे मेंढ्यांच्या अडीचशे झाल्या होत्या. बॅटऱ्या दोन, पॅनलं मर्वने दिलेलं धरून दोन, माझा ट्रक त्यांच्या दांड्याकडे पाठ करून कायम उभा. मी व्हर्नाला म्हटलं, जा, गुरुवारी जा. बेकरीत बस. मी जागची हलणार नाही.

पुढच्या गुरुवारी ती गेली. केस विंचरून, चांगला शर्ट घालून. आल्बी खिडकीतून म्हणाला, "माझ्यासाठी लेमन केकचा तुकडा आण ग." मी खुर्ची त्यांच्या पायरीपाशी टाकली आणि उघड्या दारातून आकड्याकडे बघत बसले. बारा आठ. बारा नऊ. वारा नव्हता, ढग नव्हता. तेरा एक. दोन तास मी कोड्याचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

मर्व सरपण गोळा करून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"व्हर्ना गेली म्हणालीस ना?"

"दहालाच."

"फाटकापलीकडे तिची गाडी उभी आहे. झुडपाआड. आत बसलीय, दुर्बीण लावून."

मी उठले नाही. तिला दिसावं म्हणून खुर्ची पॅनलच्या अगदी जवळ नेली, एक हात त्याच्या चौकटीवर ठेवला, आणि ती परत येईपर्यंत तो काढला नाही.