दार न लावणारे जंतू

माणसानं किती चक्रम असावं याला काही सीमा असतात, आणि आमच्या लॅबमधल्या एका सीनियर सरांनी त्या सगळ्या ओलांडल्या होत्या. ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते आणि ते शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. कोपरीच्या त्यांच्या कोळी आळीतले इतकं शिकणारे पहिलेच. सगळे त्यांना समोर ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की हसत. मीही हसायची. त्यांचा विषय होता जंतूंचं खाणं. जंतू बाहेरची ॲमिनो आम्लं आत घेतो आणि पोट भरलं, की त्याचा एक जीन ती आत आणणारी दारं बनवणंच थांबवतो. सरांना एक बिघडलेला वाण सापडला होता. त्याचा तो जीन मोडलेला, म्हणून पोट भरलं तरी दारं सताड उघडी. सात वर्षांचा सगळा प्रबंध त्या एका वाणावर उभा होता.

सरांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत, दार लावणारी आणि न लावणारी. डोंबिवलीला एका लग्नात प्राचार्यांनी पाचवी जिलबी उचलली, तेव्हा सर भर पंगतीत म्हणाले, “आत साठा भरपूर आहे, तरी घेणं चालूच. यांचा जीन बघायला हवा!” पुढच्या वर्षी सकाळी सातची सगळी प्रॅक्टिकल्स त्यांच्या गळ्यात पडली. सरांना तो योगायोग वाटला. वाण वर्षानुवर्षं न बदलता टिकवणारा डीप फ्रीजर खात्यात एकच होता आणि तो सरांच्या गाईडच्या लाडक्या विद्यार्थ्यांसाठी होता. “तुमच्या बाटल्यांना मासळीचा वास येतो हो,” असं म्हणून गाईडनी सरांना त्यात जागा नाकारली होती. हे सगळं हसत हसत, म्हणजे राग धरायचीही सोय नाही. त्यामुळे सर वाण साध्या फ्रिजमध्ये ठेवत आणि दर पंधरवड्याला नव्या प्लेटवर उतरवून जिवंत राखत. शुक्रवारी दिवसभर वीज जायची. मग बाटल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट कोपरीच्या बाजारात, आईच्या मासळीच्या बर्फात! एकदा मी पापलेट घ्यायला गेले आणि त्यातली एक बाटली उचलली, तर म्हातारी कडाडली, “त्याला हात लावू नको गो, माझ्या पोराचं शिक्शान हाय त्यात!” हा किस्सा मी स्टाफरूममध्ये नकलेसकट सांगितला. खूप हशा मिळाला.

मग त्यांची आई आजारी पडली आणि सर दवाखान्यात अडकले. जाताना वाण माझ्या हवाली केला. “अगं, एवढं सांभाळ. प्लेट उपाशीच हवी. आयतं खायला मिळालं की हे सुधारतात.” उपाशी प्लेट म्हणजे मोजकंच अन्न घातलेली. तिच्यावर उघड्या दाराचेच जंतू जगतात, तेही तीन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांत दिसतात. ती बनवायला अर्धा दिवस मोडायचा आणि मला घरी जायची घाई. दोनदा केलं. पुढे मुलांच्या प्रॅक्टिकलच्या भरपूर अन्नाच्या प्लेटा आयत्या पडलेल्या असायच्या, त्यांवरच उतरवत गेले. सकाळी बघावं तर सायीसारखी दाट वाढ. मी स्वतःवरच खूश होते. तिथे उघड्या दारांचा उपयोग नव्हता, उलट ओझंच. हळूहळू जीन दुरुस्त झालेले पुढे गेले आणि मोडका वाण पुसला गेला.

चार महिन्यांनी आई बरी होऊन घरी आली आणि सर परतले. प्लेट उजेडात धरून त्यांनी विचारलं, “उपाशीवरच ठेवलेलंस ना?”

“हो सर.”

त्यांनी प्लेट खाली ठेवली. “बरं,” म्हणाले. मग त्यांनी उपाशी प्लेटांवर वाण उतरवला. तीन दिवसांनी एकीवरही काही उगवलं नव्हतं. गाईडना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, “माझी चूक, सर. दवाखान्याच्या धावपळीत मीच प्लेटचं माध्यम बदललं.” मी बेसिनशी परीक्षानळ्या धूत होते. नळ जरा मोठा सोडला, बस. नवा वाण शोधण्याआधी नोंदणीची मुदत संपली. सरांना पीएच.डी. मिळाली नाही, आणि हा माणूस किती भोळा, असं मनाशी म्हणत मी पुढे गेले.

नव्वदच्या दशकात मला मिळाली, त्याच गाईडकडे. माझ्या बाटल्यांना डीप फ्रीजरमध्ये जागा होती. पेढे घेऊन कोपरीला गेले. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेले होते.

“सर, तेव्हा ती प्लेट...”

“एवढी दाट वाढ उपाशी प्लेटवर येते का गं? बघितल्याबरोबर कळलं मला.” ते पुड्याची दोरी सोडत होते. “पण तुझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. माझी झालेली.”

त्यांनी एक पेढा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. “खा. डॉक्टर झालीस.”

मी खाल्ला. तो गोड लागला, याची लाज अजून जात नाही.