पडवीचा कोपरा

काल पडवीची जुनी फरशी उखडली, तेव्हा खालून कोंदट मातीचा गार वास आला. तोच वास मला दिल्लीत आला होता, एका बादशहाच्या मकबऱ्यात.

इनामगावातली आम्ही काही माणसं दौंडहून रेल्वेनं दिल्ली बघायला गेलो होतो. गाईड सकाळपासून नुसता पळवत होता. संगमरवरी कबरीपाशी थांबून तो म्हणाला, "ये तो दिखावे की है. असली कबर नीचे है, आपके पैरों के नीचे."

बाकीचे फोटो काढत पुढं गेले. आईनं मात्र चपला काढून हातात घेतल्या आणि ती भिंतीच्या कडेकडेनं चालू लागली. वर घुमटात वटवाघळं फडफडत होती.

"पाय दुखतोय का, आई?"

"न्हाई रं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आधी एक पोरगी झालती मला. बारशाआधीच गेली. तुझ्या आजीनं अंगणातच पुरली. लांब नगं, एकटी भिईल म्हणली. मग तिच्यावरच आपण पडवी वाढवली."

पडवीतल्या उगवतीच्या कोपऱ्यात आईनं कधी खाट टाकू दिली नव्हती. स्वतःही ती तिथून वळसा घालूनच जायची. आता आई नाही.

काल गवंडी नेमका त्याच कोपऱ्यात पहार घेऊन उभा राहिला. "दादा, हितलं बी उकरू का?"

"नको," म्हणत मी धावलो. त्याच्यापाशी पोचलो, तेव्हा माझ्या चपला माझ्या हातात होत्या.