न मागता काढून ठेवणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात स्क्रू उरतात आणि किस्से उरतात. स्क्रू डब्यात टाकता येतात, किस्से कुठे टाकणार? म्हणून सांगते.

रत्नागिरीतलं आमचं दुकान दोघांचं. नझीरचाचांचं आयुष्य जहाजाच्या रेडिओरूममध्ये गेलं, ते हार्डवेअर बघतात. सॉफ्टवेअर माझ्याकडे. आणि हे सगळे किस्से कॉम्प्युटरमधल्या एकाच सर्व्हिसचे. ती मागच्या मागे, न दिसता चालू असते. तुम्ही रोज काय उघडता ते लक्षात ठेवते आणि मागायच्या आधीच मेमरीत आणून ठेवते. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला तिचा मोठा आधार. एसएसडी म्हणजे नवी, न फिरणारी डिस्क. ती मुळातच चपळ, तिथे या सर्व्हिसला फारसं काम नसतं. कधी उगीच मशीन दमवते. मग ठेवायची की बंद करायची, हा माझ्यापुढचा रोजचा प्रश्न!

*

रिटायर्ड हेडमास्तर गुरवसरांना मी हे समजावत होते. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई होत्या.

सर म्हणाले, "म्हणजे न सांगता सगळं हातात? आमच्या हिच्यासारखं! मी चष्मा शोधायच्या आत ही आणून देते."

"हो सर. पण तुमच्याकडे आता एसएसडी आहे. नको असेल तर ही सर्व्हिस बंद करता येते."

बाई पर्स सावरत म्हणाल्या, "बघा! तिला तरी बटण आहे!"

सर हसले नाहीत. घरी जाताना बाईंच्या हातातली पिशवी मात्र त्यांनी घेतली.

*

जयगडचा महेश क्रेन चालवतो. कुठलासा व्हिडिओ बघून त्याने घरच्या लॅपटॉपवर ही सर्व्हिस स्वतःच बंद केली. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक. दुकानात आला तेव्हा लॅपटॉपला आवाज नाही, वायफाय नाही, प्रिंट निघत नाही!

"अरे, बंद तरी काय काय केलंस?"

"ज्यांची नावं ओळखीची नव्हती, ती सगळी."

चाचांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बरं झालं, तू गावचा सरपंच नाहीस!"

*

आता माझी चूक. मध्यंतरी मला सवयच लागली होती, मशीन आलं की सर्व्हिस बंद. खेडच्या सुनंदाताईंचं मशीनही तसंच करून दिलं. त्या कॉम्प्युटरवर एम्ब्रॉयडरीची डिझाइन्स काढतात. आत एसएसडी आहे की नाही, हे मी बघितलंच नाही. होती जुनी हार्डडिस्क!

आठवड्याने ताई एसटीने परत आल्या. एवढा प्रवास, मांडीवर सीपीयू. मी बोलणी खायची तयारी केली.

त्या म्हणाल्या, "काही नाही गो, प्रोग्रॅम उघडायला लावते आणि भात चढवते. दोन्ही एकदमच होतात."

लाज वाटली. ताबडतोब सर्व्हिस सुरू करून दिली. दोन दिवसांनी फोन आला.

"ताई, आता कसं आहे?"

"आता भात कच्चा राहतो!"

*

त्यानंतर मी आधी डिस्क बघायला लागले. भाट्याच्या मुकादमचाचींच्या मशीनला आम्ही एसएसडी घातली. त्यांचा मुलगा जहाजावर असतो. बंदराला लागला की नेट मिळेल तेवढ्यात व्हिडिओ कॉल करतो. जुन्या डिस्कवर कॉलची खिडकी उघडेपर्यंत दोनदा कॉल कट झाला होता.

"चाची, आता ही सर्व्हिस नको. लगेच उघडतं."

"राहू दे."

"खरंच गरज नाही हो. बघा, लगेच..."

"बाय, तुझं 'लगेच' वेगळं. माझं 'लगेच' वेगळं."

नझीरचाचा कधी माझ्या कामात बोलत नाहीत. तेव्हा एवढंच म्हणाले, "राहू दे गो."

राहू दिली.

*

आणि मालतीकाकू. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून कॉम्प्युटर बंदच होता. भाच्याला द्यायचा, म्हणून साफ करायला आणला.

ही सर्व्हिस जिथे नोंदी ठेवते तो फोल्डर मी उघडला. कोणता प्रोग्रॅम वापरात होता ते तिथे कळतं. सगळ्यात वर आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम.

"काका रेकॉर्डिंग करायचे?"

"छे! त्यांना गाण्याचं वावडं. दुपारी मागच्या पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडताना मी गुणगुणायला लागले, की उठून आतल्या खोलीत जायचे. कॉम्प्युटरसमोर बसायचे. इतकी वर्षं झाली, पण मला लागायचं ते."

"त्या खोलीची खिडकी कुठे उघडते?"

"पडवीत. का?"

मी शोधलं. एका फोल्डरमध्ये कितीतरी फायली होत्या. प्रत्येकीला नाव एकच, 'मालती', आणि पुढे नंबर. पहिली लावली. रातांबे फुटल्याचा आवाज, बांगड्या, मध्येच कावळा. आणि काकूंचं गुणगुणणं.

चाचांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली.

काकूंनी पूर्ण ऐकलं. मग पदराने डोळे पुसले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाल्या,

"अहो, सांगायचं तरी! जरा सुरात गायले असते!"