बाराच कागद

दुकानदाराने हाक मारायची असते. गिऱ्हाईक पाठ फिरवून दहा पावलं चालतं आणि मागून ‘अहो, या, बघू काहीतरी’ असं ऐकू येतं. बारदानाच्या, म्हणजे पोत्यांच्या धंद्यात मी तीस वर्षं काढली, नाशकात द्वारका चौकाजवळ स्वतःचं दुकान टाकलं, ते या दहा पावलांच्या जोरावर. त्या बाईंनी मला हाक मारली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गंगापूर रोडला एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. बायकोला मातीच्या कुंड्या बघायच्या होत्या. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून मी आधीच वैतागलेलो. कुंड्यांच्या शेजारच्या टेबलावर तिशीतल्या एक बाई हाताने छापलेली चित्रं घेऊन बसल्या होत्या. लाकडाची फळी कोरायची, तिच्यावर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचा, अशी त्यांची पद्धत. एका चित्रापाशी माझे पाय थांबले. कांद्याचं खळं होतं. पाच-सहा बायका ढिगापाशी बसून कांदा निवडत होत्या. शेवटची डावा पाय पसरून, उजवा गुडघा हनुवटीशी घेऊन बसलेली, नाकावरून पदर बांधलेला.

माझी आई तशीच बसायची. आम्हा तिघा भावंडांची शाळा तिने नामपूरच्या खळ्यावर कांदे निवडून केली. ती गेल्यावर फोटो शोधला तर आधार कार्डावरचा तेवढा सापडला. त्यात ती कुणीतरी परकीच दिसते.

पण जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. मी बैलाच्या चित्राचा भाव विचारला, घाटाच्या चित्राचा विचारला, आणि मग सहज म्हणून खळ्याचा. अडीच हजार. कोपऱ्यात पेन्सिलीने ४/१२ लिहिलं होतं. म्हटलं, हा काय लॉटरीचा नंबर आहे का? त्यांनी शांतपणे सांगितलं की या फळीचे बाराच कागद निघतील, हा चौथा. बारा झाले की फळीवर आडव्या रेघा कोरून ती बाद करायची, म्हणजे तेरावा कुणाला काढता येणार नाही.

मग मी हुकमी डाव टाकला. बाराही उचलतो, निम्म्याने लावा. त्या म्हणाल्या, सगळे एकाला देत नाही, आणि कागद संपत येतील तसा भाव वाढत जातो. जास्त माल घेणाऱ्याला जास्त भाव, असा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. डोकं फिरलं.

“अहो, कागद आणि शाई,” मी म्हणालो. “बाजार समितीची पावतीसुद्धा छापलेलीच असते.”

“मग ती लावा ना काका भिंतीवर.”

मी वळलो. दहा पावलं झाली, वीस झाली, गाडी आली. मागून बायको कुंडी घेऊन आली. तिला विचारलं, तर म्हणाली, ती बाई डबा खात बसलीय.

पंधरा दिवस दम धरला. माल पडून राहिला की दुकानदार नरमतो. मग पत्ता काढून जेलरोडला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, शाईचा वास, दोरीवर चिमट्यांनी लावलेले कागद. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, खळं संपलं. फळी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर दोन रेघा होत्या, एक थेट शेवटच्या बाईच्या पाठीतून गेलेली.

मी म्हटलं, रेघांसकट एक छापून द्या. नाही. दुप्पट देतो. नाही, बारा जणांना शब्द दिलाय. मी आवाज चढवला. कोण बघायला येणार आहे, कसला शब्द, एवढा माज बरा नाही, असं बरंच बोललो. शेवटी तोंडातून निघून गेलं, “ती शेवटची बाई माझी आई आहे.”

त्यांनी फळीवरच्या त्या बाईवर बोट ठेवलं. ती बाई त्यांनी पिंपळगावला पाहिली होती, असं म्हणाल्या. मग विचारलं, “त्या दिवशी का नाही बोललात? एक बाजूला ठेवला असता.”

“बोललो असतो तर तुम्ही भाव वाढवला असता.”

“नसता वाढवला.”

माझा त्यावर विश्वास बसला. असं फार वेळा होत नाही.

त्यांनी चटई अंथरली, पॅड घेतलं आणि म्हणाल्या, नवी फळी करते, पण मी तुमच्या आईला पाहिलेलं नाही, बसून दाखवा. बावन्नाव्या वर्षी, सुटलेलं पोट सांभाळत, मी डावा पाय पसरला आणि उजवा गुडघा जमेल तेवढा वर घेतला. त्या काढायच्या, मी चूक दाखवायचो. पाठ एवढी ताठ नव्हती. पदराची गाठ कानामागे, मानेवर नाही. नजर कांद्यावर नसायची, सडका तिला अंगठ्यानेच कळायचा. चार वेळा खोडून झाल्यावर त्या वैतागून आत गेल्या, टोपलीतला कांदा आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “आता हलू नका.”

पायाला मुंग्या आल्या होत्या. मी हललो नाही.