अंबाजीसाठी बार

ताजुद्दीनची ठासणीची बंदूक म्हणजे भलती मानी. मनात आलं तर डोंगर दणाणून सोडील, नाहीतर नुसती 'टच' करून गप्प. मळवलीच्या अंगाला त्याची आणि अंबाजीची भातखाचरं बांधाला बांध लागून. रानडुकरं हाकलायला दोघं एकाच मचाणावर बसायचे आणि बार चुकला की डुकरं राहायची बाजूला, हेच एकमेकांच्या अंगावर धावून जायचे.

"दारू मापानं टाकली का चिमटीनं?" अंबाजी खेकसायचा.

"तू गप ऱ्हा. तुझ्या बडबडीनंच सर्दावली!"

असली यांची माया! सख्ख्या भावांत तरी असते का हो?

यंदा भातलावणीनंतर अंबाजीनं अंथरूण धरलं. ताजुद्दीन रोज उशाशी जाऊन बसे. एकदा अंबाजी म्हणाला, "ताजू, मला उचलतील तवा एक बार काढ. देवीच्या पालखीला काढतोस तसला. फुसका काढलास तर बघ, तिरडीवरनं उठून येईन."

"चल, येड्या," ताजुद्दीन म्हणाला. पण शब्द दिला.

श्रावणात अंबाजी गेला. त्याचा मुलगा अतुल देहूरोडच्या डेपोतून तसाच धावत आला. ताजुद्दीननं आढ्याची बंदूक उतरवली. डोळे सारखे भरून येत होते, तरी दारू नीट मापून ओतली, चिंधी कोंबली, गजानं ठासली, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली. आज चुकून चालणार नव्हतं. तिरडी खांद्यावर आली तशी त्यानं नळी आभाळाकडं धरली आणि घोडा दाबला.

टच.

बार चुकला की नळी तशीच वर धरून थांबायचं. आत ठिणगी धुमसत असली तर बार मागाहून उडतो. ताजुद्दीन थांबला. तिरडी थांबली. रडणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं त्याला. मग टोपी बदलून त्यानं पुन्हा घोडा दाबला. फुस्स! जरासा धूर निघाला आणि अर्धवट जळलेली चिंधी त्याच्याच पायाशी पडली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. जीभ झडो मेल्याची!

अंबाजीची बायको धोंडाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. निघू द्या त्यास्नी."

तिरडी निघाली. अंबाजी काही उठला नाही. उठला असता तर ताजुद्दीननं त्याचे पाय धरले असते.

स्मशानातून तो घरी आला, तेव्हा त्याची बायको अजीजुन्निसा पडवीत बंदूक घेऊन बसली होती. तिनं नळीत चिंधी घालून बाहेर ओढली. चिंधी तेलानं निथळत होती.

"अहो, गंजू नये म्हणून पावसाळ्याआधी सोडलेलं तेल आत तसंच हाय की! दारू भिजली त्यानं. ठासायच्या आधी नळी पुसली न्हाई तुमी?"

ताजुद्दीन त्या चिंधीकडं बघतच राहिला. अंगणात रडला नव्हता, स्मशानात रडला नव्हता. आता त्याला हुंदका आवरेना.

"ठासायचो मी. पुसून द्यायचा त्यो," तो म्हणाला. "आज त्यानं पुसून दिलीच न्हाई गं."