तिनं विचारलं आणि मी टाळलं

मित्रांनो, नशेची इंजेक्शनं आणि एचआयव्ही हा माझ्या पीएचडीचा विषय. आज जरीपटक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात हिंगण्याच्या एका कामगाराची मुलाखत घेतली. तो एचआयव्ही बाधित आहे. बायकोला त्यानं सांगितलेलं नाही. मी कितीदा विनवलं, तरी "सांगतो" एवढंच म्हणतो.

त्याची बायको बाहेर बसली होती. मला थांबवून म्हणाली, "मॅडम, यायले नशेशिवाय दुसरी काही बिमारी आहे का?"

गुप्ततेचं वचन मीच लिहून दिलंय. म्हटलं, "त्यांनाच विचारा."

"ते सांगत असते, त तुमाले काहून विचारलं असतं?"

तिची तपासणी व्हायला हवी, हे मला ठाऊक आहे, तिला नाही. मी काय करायला हवं होतं?