साहेबांचं उपोषण आणि माझा कंप्युटर

आता कुणाला सांगू नका, पण आमचा तालुका जिल्हा व्हायचा राहिला, त्यात थोडा हात माझा बी हाय!

माझं शिलाईचं दुकान. त्या दुष्काळाच्या साली मी नुकतीच लातूरला जाऊन कंप्युटरवर कटिंगचं सॉफ्टवेअर शिकून आले होते. माप टाकलं की कुर्त्याचा आराखडा पडद्यावर हजर! मग काय, माझे पाय जमिनीवर ठरतात व्हय?

तेवढ्यात आमच्या गल्लीतले पुढारी, सगळे त्यांना साहेब म्हणतात, नव्या जिल्ह्यासाठी आमरण उपोषणाला बसायला निघाले. म्हणाले, "ताई, खादीचा कुर्ता शिवा. झकास झाला तर सगळ्या कार्यकर्त्यांचे कुर्ते तुमच्याकडंच."

आता खादी आटते, म्हणून कापायच्या आधी भिजवावी लागते. पण प्यायला पाणी न्हाई, तिथं कापड कशात भिजवू? म्हटलं, कंप्युटर कशाला हाय! आटंल तेवढं आधीच वाढवून कापलं. कुर्ता झाला ऐसपैस. "एकदा धुतला की अंगाबरोबर बसंल," म्हटलं.

साहेब तसाच घालून मंडपात बसले. दुसऱ्याच दिवशी बाया डोळे पुसाया लागल्या. "अगं बाई, कुर्ता कसा लोंबतोय! लई खंगले की!"

साहेबांनी बी लगेच खंगल्यासारखी मान टाकली.

मग टँकर आला. आमच्या घागरी रांगेतच, पहिली बादली साहेबांच्या मळक्या कुर्त्याला! वाळवून घातला, तर असा चापून बसला म्हणता!

मंडपात कुजबुज सुरू. "उपाशी माणूस फुगतोय कसा?"

"रातच्याला अर्धापूरची केळी येत असतील!"

"न्हाई वं, शिवणारीनंच माप चुकवलं."

माझं माप? चुकलं? डोस्कंच फिरलं माझं! टेप घेऊन थेट स्टेजवर चढले, साहेबांच्या पोटाला गुंडाळला आणि माईकवर ओरडले, "बघा! कुर्ता आटलाय, माप बरोबर हाय! साहेब पहिल्या दिवशी जेवढे होते तेवढेच हायेत, सूतभर बी कमी झाले न्हाईत!"

अन् मंडपात जे हसू फुटलं, थांबंच ना! साहेब दात खाऊन म्हणाले, "ताई, उतरा आता खाली."

उपोषण सांजच्यालाच सुटलं. कुर्त्यांचं काम उमरीच्या एका टेलरला गेलं. साहेबांची अट एकच होती म्हणे. कंप्युटर असो नसो, टेलर कमी बोलणारा पाहिजे.